गरोदरपणातला ताण आणि गांजा: घराने काय जाणून घ्यावं

पालकसभा संपली होती. एक आई मागे रेंगाळली. चौथा महिना चालू असावा. मुलाच्या गणिताबद्दल दोन शब्द झाले. मग दाराकडे बघत तिने हळूच विचारलं, "टीचर, उलटी थांबावी, रात्री डोळा लागावा म्हणून कधी दोन झुरके घेतले तर बाळाला काही होतं का?" कशाचे झुरके, ते तिने सांगितलं नाही. तिचा नवरा रात्री गच्चीवर जे ओढतो तेच, हे समजायला आम्हाला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो, "नका घेऊ. हराम आहे." तिने मान खाली घातली, मुलाचा हात धरला आणि गेली.

उत्तर चूक नव्हतं. पण जिला झोपच येत नव्हती तिच्या ते काही कामाचं नव्हतं. डॉक्टरांना विचारलंस का, एवढंही आम्ही विचारलं नाही. त्यानंतर या विषयावर जे वाचलं, ते आपल्या वाचकांसाठी इथे मांडत आहोत. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठलं औषध किती घ्यावं हे या लेखात सापडणार नाही.

गांजा, चरस, भांग

तिन्ही एकाच झाडाचे. फुलोऱ्याचा सुकवलेला भाग म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस आणि पानं वाटून केलेली ती भांग. नशा आणणारं मुख्य द्रव्य तिन्हींत तेच, त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. पानांत ते कमी, फुलोऱ्यात जास्त, राळेत त्याहून जास्त.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस बंदीत येतात. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, त्यांच्यासाठी राज्यांचे नियम वेगळे आहेत. म्हणून पुष्कळ लोकांना भांग म्हणजे काहीतरी हलकं, चालण्यासारखं वाटतं. पोटातल्या बाळासाठी हा फरक नाही. पानटपरीवर मिळणाऱ्या भांगेच्या गोळ्या, सणाच्या थंडाईत घातलेली भांग, ऑनलाइन मिळणारं 'विजया'चं तेल (विजया हे भांगेचंच आयुर्वेदातलं नाव), हे सगळं त्याच झाडाचं. युनानी दवाखान्यातल्या बहुतेक माजूनमध्ये भांग नसते, पण काही जुन्या नुस्ख्यांत असते. हकीमसाहेबांना 'मी गरोदर आहे, यात भांग आहे का' असं सरळ विचारावं. विचारण्यात बेअदबी नाही.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, असं त्यात होतं. त्यातले बहुतेक पुरुष. म्हणजे आपल्याकडे बहुतेक घरांत हा प्रश्न बाईच्या हातून येत नाही, तो घरातल्या पुरुषाच्या खिशातून येतो. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ताण कशाला म्हणायचं

गरोदर बाईला काळजी वाटतेच. बाळ हलतंय ना, ऑपरेशन तर होणार नाही ना, आधीचा हमल राहिला नव्हता, यावेळी राहील ना. ही काळजी येते, जाते. आम्ही ज्या ताणाबद्दल लिहितो आहोत तो जात नाही. भाड्याचे दोन महिने थकले आहेत. नवरा सौदीत आहे आणि फोनवर फक्त भांडण होतं. दोन मुली आहेत आणि सासूबाई रोज एकच दुआ मोठ्याने मागतात. शहरात वातावरण बिघडलं आहे आणि नववा महिना लागला आहे, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रिक्षा मिळेल का, हेही माहीत नाही. असा ताण आठवडेच्या आठवडे राहिला की झोप उडते, जेवण कमी होतं, रक्तदाब वाढू शकतो.

ताणात शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं. वारेमध्ये एक विकर असतं. आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग बाळापर्यंत जाण्याआधी ते निकामी करतं. अल्लाहने केलेली ही आड आहे, आणि साध्या रोजच्या काळजीला ती पुरते. ताण दीर्घ आणि तीव्र असेल तर ती अपुरी पडू शकते. हे वाचून कुणी गरोदर बाईला 'टेन्शन घेऊ नकोस, बाळाला त्रास होईल' असं सांगायला जाऊ नये. त्या वाक्याने टेन्शन वाढतं. ताण कमी करायचा तर भाडं, फोन, टोमणे, झोप यांचं काहीतरी करावं लागतं.

मग गांज्याने बरं का वाटतं? आपलं शरीर स्वतःच गांज्यासारखे काम करणारे काही रेणू तयार करतं. १९९२ साली जेरुसलेमच्या संशोधकांना त्यातला पहिला सापडला. त्याला त्यांनी 'आनंदामाइड' हे नाव दिलं, संस्कृतातल्या 'आनंद' वरून. भूक, झोप, भीती यांच्यावर हे रेणू लगाम ठेवतात. गर्भ पिशवीत रुजण्यात आणि बाळाचा मेंदू घडण्यातही त्यांचा वाटा असतो. टीएचसी याच कुलपात बसणारी बाहेरची किल्ली आहे. तासाभरासाठी मन सैल होतं. रोज घेतलं की मेंदू ती कुलपंच कमी करतो, मग तेवढ्यात भागत नाही. नशा उतरली की चिडचिड, घालमेल आणि झोप न येणं हेच परत येतं, आणि बाईला वाटतं की ताण वाढला म्हणून पुन्हा घ्यावं लागतंय. जास्त मात्रेत तर टीएचसी स्वतःच घाबरवतं, छातीत धडधड होते.

बाळापर्यंत काय पोहोचतं

टीएचसी वारेतून पलीकडे जातं. ते चरबीत मुरणारं द्रव्य आहे, म्हणून शरीरातून लवकर निघत नाही. आईच्या रक्तात असतं त्यापेक्षा बाळाच्या रक्तात कमी असतं, पण असतं. ओढून घेतलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइडही जातो, त्याने बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो, म्हणजे निकोटिन वेगळं.

२०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तोपर्यंतचं सगळं संशोधन तपासलं. गरोदरपणात गांजा ओढणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं असण्याशी संबंध दाखवणारा भक्कम पुरावा आहे, असं तिचं म्हणणं होतं. पुढे २०१९ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास आला. ६ लाख ६१ हजार ६१७ बायकांच्या नोंदी त्यात होत्या. गांजा घेतल्याचं सांगणाऱ्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १२ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ६.१ टक्के. आता कुणी म्हणेल, घेणाऱ्या बाया गरीब असतील, सिगारेटही ओढत असतील. संशोधकांनी ते लक्षात घेऊन सारख्या परिस्थितीतल्या बायकांची तुलना केली, तेव्हा फरक कमी झाला, पण राहिला: १०.२ आणि ७.२. म्हणजे दोष सगळा गांज्याचा नाही आणि गांजा निर्दोषही नाही.

ताण आणि गांजा एकत्र बघणारा एक अभ्यास आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटला. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय या वैद्यकीय संस्थेत २००९ पासून गरोदरपणातल्या ताणाचा अभ्यास चालू होता. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने न्यूयॉर्क झोडपलं, तेव्हा त्यातल्या काही बाया गरोदरच होत्या. याच अभ्यासातल्या ३२२ आई-मूल जोड्यांवरचा एक निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईने गरोदरपणी गांजा घेतला होता त्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या आसपास भित्रेपणा, आक्रमकपणा आणि अतिचंचलता जास्त दिसली. त्यांच्या केसांत कॉर्टिसॉल जास्त होतं. जन्माच्या वेळी जपून ठेवलेल्या वारेची तपासणी केली तर रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचं काम मंदावलेलं होतं.

थोडक्यात, आईने ताण घालवायला जे घेतलं, त्याने मुलाच्या शरीरातली ताणाचीच यंत्रणा बिघडलेली दिसली. असा संबंध दिसला म्हणजे प्रत्येक मुलात असं होईलच असं नाही. ज्या आईने आधीच घेतलं आहे तिने हे वाचून हाय खाऊ नये. वर्गात आम्ही चंचल मुलं रोज बघतो आणि त्यांची कारणं शंभर असतात. पण जी अजून घेते आहे तिला आज थांबण्याने फायदा आहे. कुठल्याही महिन्यात थांबलं तरी आहे.

'नैसर्गिक आहे, चालतं'

आपल्या कितीतरी मुली आता टोरोंटोत, लंडनमध्ये, अमेरिकेत नांदतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दुकानात मिळतो. दुकानात मिळतं म्हणजे तपासलेलं असणार, असं माणसाला वाटतं. २०१८ मध्ये छापून आलेला एक प्रयोग ऐका. कोलोरॅडो राज्यातल्या ४०० गांजाच्या दुकानांना फोन करण्यात आला. फोन करणारी म्हणाली, मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, उलट्या होतात, काही मिळेल का? ६९ टक्के दुकानांनी तिला गांजाचा माल घ्यायला सांगितलं. सांगणारे डॉक्टर नव्हते, काउंटरवरचे नोकर होते. आपल्याकडे शेजारच्या खाला सल्ला देतात तसंच, फक्त तिथे बिल मिळतं.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन्ही गरोदरपणात आणि दूध पाजताना गांजा घेऊ नका असंच सांगतात. नशा न आणणारं म्हणून विकलं जाणारं सीबीडी तेलही या काळात घेऊ नये, असं तिथल्या औषध प्रशासनाचं म्हणणं आहे. परदेशी लेकीला फोनवर हे सांगायला हरकत नाही. ओरडून नको.

उलटीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्या आईचा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. गरोदरपणातल्या उलटीवर डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं वापरात असलेली, बाळाला सुरक्षित मानलेली औषधं आहेत. ती स्वस्त आहेत. उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही, लघवी कमी होते आहे, तर सलाईन लागतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. यात एक गोम आहे. बराच काळ गांजा घेणाऱ्या काही लोकांना गांज्यानेच न थांबणाऱ्या उलट्या होतात. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहिलं. अशा माणसाला गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून तो दिवसातून चार-चार वेळा अंघोळ करतो. गरोदर बाईच्या बाबतीत घरचे म्हणणार, दिवस गेलेत, उलटी होणारच. आणि ती उलटी थांबवायला तेच घेत राहणार. डॉक्टरांना खरं सांगितल्याशिवाय हे ओळखता येत नाही.

घरातला पुरुष

गरोदर बाईने स्वतः हात लावला नाही तरी एका खोलीच्या घरात धूर तिच्या नाकात जातोच. गच्चीवर जाऊन ओढला तर धूर वाचतो, पैसा वाचत नाही, आणि रात्री अकराला लाल डोळ्यांनी खाली येणारा माणूसही तोच असतो. बाईच्या ताणाचं कारण पुष्कळदा हेच असतं. ती घाबरते, जागी राहते, सासरी-माहेरी लपवते. मग एखाद्या रात्री तोच म्हणतो, तू पण घे, झोप लागेल. आमच्या समजुतीप्रमाणे बाईपर्यंत गांजा पोहोचण्याची आपल्याकडची वाट बहुतेक ही आहे. म्हणून नुसतं सुनेला समजावून काही होत नाही.

आणि मिश्री. आपल्या कित्येक घरांत आजी, सासू, नणंद सकाळी मिश्री लावतात, गरोदर सुनेलाही 'दात दुखतो तर लाव' म्हणतात. तिला कुणी नशा समजत नाही. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही जास्त झाली. गांज्याला नावं ठेवणाऱ्या घराने आपल्या मोरीतला मिश्रीचा डबाही बघावा.

जचगीनंतरचे दिवस

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्ध्याहून जास्त बायकांना उगीच रडू येतं, चिडचिड होते. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. त्याच्या पुढे राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, सगळं संपल्यासारखं वाटू लागलं, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना, तर तो आजार आहे. त्याला नाव आहे, इलाज आहे.

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचातली एक. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. २००२ मध्ये गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ टक्के मातांना सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं. त्यातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त जणी गरोदरपणातच मनाने आजारी होत्या, म्हणजे आजार जचगीच्या खोलीत सुरू झालेला नव्हता. कोणाला जास्त? जिथे पैशाची ओढाताण, जिथे नवऱ्याशी पटत नाही. मारहाण होते तिथे बाळ मुलगा की मुलगी यानेही फरक पडत होता.

या आजारात बाईला नशेची ओढ जास्त असते. गरोदरपणात सोडलेली सिगारेट, गांजा, मिश्री जचगीनंतर परत सुरू होते, कारण 'आता पोटात बाळ नाही'. पण बाळ अंगावर पितं. २०१८ मध्ये अमेरिकेत ५० मातांच्या दुधाचे नमुने तपासले, त्यात शेवटचा गांजा घेतल्यावर सहा दिवसांपर्यंत टीएचसी सापडलं. म्हणजे रात्री घेतलं आणि सकाळचं दूध काढून फेकलं, या हिशेबाला अर्थ नाही. पण म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने दूध तोडून डबा सुरू करू नये. डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि आई किंवा बाप नशेत असेल त्या रात्री बाळ त्यांच्या अंथरुणात नको. झोपेत अंग पडतं, नशेत जाग येत नाही.

एक अवस्था मात्र थांबण्यासारखी नाही. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या एक-दोन आठवड्यांत भ्रम होतो. ती अजिबात झोपत नाही, असंबद्ध बोलते, कुणीतरी बाळाला मारायला आलंय म्हणते, बाळच आपलं नाही म्हणते. आपल्याकडे याला असर झाला, साया पडला म्हणतात आणि आमिलकडे नेतात. दुआ जरूर करा, दम जरूर करा, पण दवाखान्यात घेऊन जाताना करा. ही तातडीची वेळ आहे, आई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे. गांज्याची सवय असलेल्यांमध्ये असा भ्रम होण्याचा धोका वाढतो, म्हणून तीही गोष्ट लपवू नका.

रावळपिंडीच्या बायका आणि गोव्याच्या सखी

इलाज म्हटलं की लोकांना गोळ्या आणि शॉक आठवतात. गोळ्या लागल्या तर लागतात. नैराश्यावरची काही औषधं गरोदरपणात आणि दूध पाजताना देता येतात, आणि चालू असलेली औषधं दिवस गेले म्हणून अचानक बंद करणं धोक्याचं असतं. पण गोळ्यांआधीही पुष्कळ करता येतं, आणि ते आपल्यासारख्याच घरांत करून बघितलेलं आहे.

पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्रोफेसर आतिफ रहमान यांच्या गटाने शेवटच्या तिमाहीत नैराश्य असलेल्या बायका शोधल्या. त्यांच्या घरी गावातल्याच लेडी हेल्थ वर्कर जायच्या, आपल्या आशाताईंसारख्या. मानसोपचाराचं मोठं शिक्षण त्यांना नव्हतं. वर्षभरात सोळा भेटी. बाळाच्या तब्येतीबद्दल बोलता बोलता आईच्या मनात काय चाललंय ते ऐकायचं, 'मी नालायक आई आहे' यासारखा विचार तिला ओळखायला शिकवायचा, आणि सासू, नवरा यांनाही बसवून घ्यायचं, कारण त्यांच्याशिवाय काही बदलत नाही. २००८ साली निकाल छापून आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे नुसत्याच भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीवरून मार्गदर्शिका काढली. मग गोव्यात आणि रावळपिंडीत ती साध्या शेजारणींकडून करून बघितली. गोव्यात त्यांना 'सखी' म्हणायचे, तिकडे 'रजाकार'. शब्द वेगळे, काम एकच: एका आईने दुसरीच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि ऐकायचं. आपल्या मोहल्ल्यात सतवाशाला, अकिक्याला पन्नास बायका जमतात. त्यातली एकसुद्धा बाळंतिणीला 'तू कशी आहेस' विचारत नाही, सगळ्या विचारतात, 'बाळ कुणावर गेलंय'.

दीन काय सांगतो

नशा आणणारी वस्तू हराम, हा नियम सर्वांना माहीत आहे. तरी 'शराब हराम, पत्ती तर झाड आहे' असं म्हणणारे भेटतात. हा वाद नवा नाही. शेकडो वर्षांपूर्वी हशीशचा प्रसार झाला तेव्हाच उलेमांनी तिच्यावर लिहिलं. इमाम इब्न तैमिया यांनी तिला हराम ठरवलं, इमाम जरकशी यांनी तर तिच्या हुर्मतीवर स्वतंत्र किताब लिहिली. 'दवा म्हणून घेते' हेही टिकत नाही, कारण उलटी आणि झोप या दोन्हींवर हलाल आणि सुरक्षित इलाज हजर आहे.

पण हराम म्हणून आम्ही जिथे थांबलो होतो तिथे कुरआन थांबत नाही. सूरह लुकमानमध्ये आईच्या हमलचा उल्लेख थकव्यावर थकवा असा आहे. सूरह मरयममध्ये हजरत मरयम कळांनी हैराण होऊन खजुराच्या झाडाला टेकतात, आधीच मेले असते तर बरं, असं त्यांच्या तोंडून निघतं. त्यावर त्यांना झिडकारलं गेलं नाही. पायाखाली वाहतं पाणी, ताजे खजूर आणि दिलासा मिळाला, लोकांशी हुज्जत घालायच्या त्रासातूनही सोडवलं गेलं. हजरत मूसांच्या आईचं मन रितं झालं होतं, हेही कुरआन सांगतो. जचगीत रडणारी बाई ईमानची कच्ची, असं म्हणणाऱ्यांनी या दोन जागा पुन्हा वाचाव्यात.

खर्चाबद्दल तर हुकूम स्पष्ट आहे. दूध पाजणाऱ्या आईच्या जेवण-कपड्याची जबाबदारी सूरह बकरामध्ये बापावर टाकली आहे. सूरह तलाकमध्ये तलाक झालेली बाईही गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत तिचा खर्च करायला सांगितलं आहे. जो पैसा गच्चीवर धुरात जातो तो या हिशेबात तिचा आहे.

रोज्याने स्वतःला किंवा बाळाला त्रास होईल अशी भीती असेल तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सवलत आहे, नंतर कजा करता येतो. निफासच्या दिवसांत नमाज माफ आहे, हनफींकडे जास्तीत जास्त चाळीस दिवस, आपल्या कोकणातल्या शाफई घरांत साठपर्यंत. या दिवसांत काही बायकांना आपण अल्लाहपासून तुटलो असं वाटू लागतं. दुआ आणि जिक्र चालू ठेवता येतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

सोडायचं तर

रोज गांजा घेणाऱ्याने सोडलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक न लागणं, झोप न येणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा सगळ्यात जड. दोन आठवड्यांत बरंच ओसरतं, झोप नीट व्हायला काही वेळा जास्त दिवस लागतात. हे जीवघेणं नाही. घरच्यांनी हे दिवस ओळखून काम वाटून घेतलं तर बाई तरून जाते. पण गांज्याबरोबर दारू, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं नशेचं औषध किंवा ब्राऊन शुगर असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नये. गरोदरपणात तर मुळीच नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावं लागतं.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. एनडीपीएस कायद्यात सेवनाला शिक्षा आहे हे खरं, गांज्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून संरक्षण दिलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेमुळे होणारा मनाचा आजारही मोडतो, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्या बायकांना माहीत असते: आईला मानसिक उपचारासाठी दाखल केलं तर तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून तोडायचं नाही, आईपासून मुलाला धोका असेल तेवढाच अपवाद. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा विभागच चालू आहे.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. नशेसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६. नवऱ्याला सोडायचं असेल तर तोही तिथेच फोन करू शकतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरांना भेटता येतं.

डॉक्टरांसमोर सासूबाई बसलेल्या असतात आणि तोंडातून शब्द निघत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तर चिठ्ठी लिहून न्या, तपासणीच्या टेबलावर गेल्यावर सिस्टरच्या हातात द्या. एवढंच लिहा: 'मला झोप येत नाही. मी गांजा घेतला आहे, शेवटचा अमुक दिवशी. हे घरी माहीत नाही. मला सोडायचं आहे. माझ्याशी एकटीशी बोला.'